विश्लेषण : मनमाड ते स्टुटगार्ट... शंभर रुपयांचा युरो हातात नेमका किती रुपयांचा?

पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला अप-डाऊन करणाऱ्या मनमाडकरांमध्ये पूर्वी गप्पांचा विषय असे रेल्वेची भरती. आता त्यात जर्मनीची भर पडली आहे. ‘तिकडे महिन्याला तीन लाख मिळतात’ हे वाक्य आयटीआय झालेल्या, नर्सिंग केलेल्या किंवा हॉटेलच्या किचनमध्ये राबणाऱ्या मुलामुलींच्या घरी हमखास कानावर येते. आकडा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. पगार, तिथला खर्च आणि तिथले रोजचे मोकळ्या हवेतले आयुष्य या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडला, तर चित्र बरेच वेगळे दिसते.

ही चर्चा आताच का?

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार झाला. स्टुटगार्ट ही या राज्याची राजधानी. पहिल्या टप्प्यात १० हजार जणांना पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी अशा कामांचा त्यात समावेश होता आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. तिथली युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होत आहे आणि तिच्या जागी माणसे मिळत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण.

मात्र करार झाला म्हणजे तिकीट निघाले असे नव्हे. भाषा, प्रमाणपत्राची मान्यता, प्रत्यक्ष मालकाचे नियुक्तिपत्र आणि व्हिसा हे चारही टप्पे प्रत्येकाला स्वतंत्रपणे पार करावे लागतात.

इथे काय सोडून जायचे आहे?

तुलनेसाठी मनमाडच्याच ओळखीचे माप घेऊ. रेल्वेतील तंत्रज्ञ श्रेणी-३चे मूळ वेतन १९,९०० रुपये. जुलै २०२५पासूनच्या ५८ टक्के महागाई भत्त्याचे ११,५४२, झेड श्रेणीच्या गावातील १० टक्के घरभाडे भत्त्याचे १,९९० आणि वाहतूक भत्ता धरला, तर एकूण ३५ हजारांच्या आसपास. पेन्शनचे १० टक्के वजा जाता हाती साडेएकतीस हजार. कारखान्यातल्या वा गोदामातल्या कंत्राटी कामगाराचा आकडा याहून बराच खाली असतो.

पण मनमाडच्या पगारात न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, बहुतेकांचे घर स्वतःचे किंवा वडिलांचे. दुसरी उलट्या बाजूची, पाणी. वागदर्डी धरण आणि पालखेड कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असलेल्या या शहराने नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याची वर्षे पाहिली आहेत. करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना त्यासाठीच आखावी लागली. टाक्या, ड्रम, विकतचे टँकर आणि पाण्याच्या दिवशी बुडालेला रोज हा खर्च कुणी वहीत लिहीत नाही. नाशिकला रोज जाऊन-येऊन गाडीत घालवलेले तीनेक तासही कुणी धरत नाही. परदेशाचा हिशेब मांडताना मात्र हे दोन्ही धरायला हवेत.

जर्मनीतला पगार हातात किती पडतो?

१ जानेवारी २०२६पासून जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला सुमारे २,४०० युरो. मान्यताप्राप्त कुशल कामगाराला याहून अधिक मिळते. समजा, ताशी १८ युरो. म्हणजे महिना ३,१२० युरो. एका युरोचे शंभर रुपये हा सोपा दर धरला तर तीन लाख बारा हजार. इथेच गाडीतला हिशेब थांबतो.

यातून आधी निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के जातात. मग आरोग्य विम्याचे पावणेनऊच्या आसपास, बेरोजगारी विम्याचे १.३ आणि वृद्धापकाळातील शुश्रूषा विम्याचे. या शेवटच्या विम्याचा दर २३ वर्षांवरील अपत्य नसलेल्यांना जास्त पडतो! त्यावर प्राप्तिकर. अविवाहिताच्या हाती अखेर सुमारे २,१०० युरो उरतात. जवळपास एक तृतीयांश पगार हाताला लागतच नाही. पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असे लिहिले तर बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्च-कर वेगळा कापला जातो. मनमाडच्या रेल्वे वसाहतीतील ख्रिस्ती कुटुंबांना हे आधी ठाऊक असलेले बरे.

अर्थात कापलेला पैसा वाया जात नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावर डिपॉझिटसाठी नातेवाइकांना फोन फिरवावे लागत नाहीत. न कमावणारा जोडीदार आणि मुले त्याच विम्यात येतात.

मग शंभरने गुणायचे की नाही?

बाजारात एका युरोला साधारण शंभर रुपये मिळतात. पण शंभर रुपयांत मनमाडला जेवढे जेवण, भाडे, केशकर्तन आणि रिक्षाप्रवास मिळतो, तेवढा एका युरोत स्टुटगार्टला मिळत नाही. वेगवेगळ्या देशांतील किमती ताडून काढलेल्या जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या आकड्यांवरून पाहिले, तर खर्चाच्या बाबतीत एक युरो साधारण ३० रुपयांच्या आसपास भरतो. त्या मापाने २,१०० युरो म्हणजे ६३ हजार रुपये. रेल्वेच्या तंत्रज्ञाच्या दुप्पट, सातपट नव्हे.

पण हेही पूर्ण खरे नाही. जो युरो तिथे खर्च होतो तो तीस रुपयांचा. जो वाचवून घरी पाठवला जातो तो शंभर रुपयांचा. म्हणून पगार किती, यापेक्षा शिल्लक किती, हा प्रश्न मोठा ठरतो.

एकट्याचा ढोबळ हिशेब असा. तापवण्याच्या खर्चासह छोट्या खोलीचे भाडे ७०० युरो, स्वतः रांधून जेवण २८०, देशभरातील लोकल गाड्या आणि बसचा मासिक पास ६३, टीव्ही-रेडिओचा सक्तीचा कर १८.३६. उरलेले कपडे, फोन, विमा आणि वर्षातून एकदा घरी येण्याचे तिकीट मिळून २५० धरू. झाले सुमारे १,३००. शिल्लक ८००. म्हणजे तिथे ३९ हजारांचे राहणीमान आणि घरी पाठवायला ८० हजार रुपये. इथे बहिणीचे लग्न, घराचे कर्ज किंवा विहिरीचे काम अडले असेल, तर हा आकडा खरोखर आयुष्य बदलणारा आहे.

कुटुंब घेऊन गेले की गणित उलटते. स्टुटगार्ट हे जर्मनीतील महागड्या शहरांपैकी एक. दोन खोल्यांच्या घराचे भाडे निम्म्याहून अधिक पगार खाऊ शकते. एकच कमावता असेल तर कर कमी लागतो, प्रत्येक मुलामागे महिना २५९ युरो बालभत्ता मिळतो, सरकारी शाळेला फी नसते. तरीही शिल्लक जवळपास संपते. याचा अर्थ सगळा पगार तीस रुपयांच्या युरोत जातो. अशा कुटुंबाने घरी पैसे पाठवण्याच्या आशेवर जाऊ नये. मुलांची शाळा, औषधोपचार आणि रोजच्या जगण्याची प्रत यासाठी जायचे असेल तर जावे. दोन्ही हेतू एका पगारात बसत नाहीत आणि घरातली निम्मी भांडणे पुढे यावरूनच होतात.

पहिल्या वर्षाचा खड्डा

भाडेघर घेताना अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत रक्कम मागता येते. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, हे फारसे कुणी सांगत नाही. अनेक घरे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय आणि कपाटांशिवाय मिळतात. भाषेचे वर्ग, कागदपत्रांचे भाषांतर, पात्रतेची मान्यता, व्हिसा हा खर्च तर पगार सुरू होण्याआधीचाच. परिचारिकांना बी-२ पातळीची जर्मन लागते. पूर्णवेळ शिकले तरी त्यात वर्षभर सहज जाते.

आयटीआयवाल्यांसाठी मार्च २०२४पासून एक वेगळी वाट आहे. किमान दोन वर्षांचा शासनमान्य अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा अनुभव असेल, तर ज्या व्यवसायांना जर्मनीत परवाना लागत नाही, त्यांत प्रमाणपत्राच्या मान्यतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. अट पगाराची आहे. २०२६साठी वर्षाला ४५,६३० युरो, म्हणजे महिना ३,८०० युरो. मालक सामूहिक वेतनकराराला बांधील असेल तर यात सवलत मिळते. फिटर, टर्नर, वेल्डर अशा दोन वर्षांच्या आणि एक वर्षाच्या ट्रेडमधला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम या वाटेत बसत नाही.

दलालांबाबत एवढेच : परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. लाखांत बोलणाऱ्याला पावती मागून पाहावी.

मोकळ्या हवेतल्या आयुष्याची किंमत कशी लावायची?

पगाराच्या चिठ्ठीत न दिसणारा, पण अनेकांना तिथे धरून ठेवणारा भाग हा आहे. जर्मन कायद्यानुसार कामाचा दिवस साधारण आठ तासांचा आणि दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती. वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा, वेतनकरार असलेल्या अनेक उद्योगांत ३० दिवस. त्यावर बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये १२ सार्वजनिक सुट्ट्या. रविवारी दुकाने बंद. या वेळेचे लोक काय करतात? चालतात. याच राज्यात ब्लॅक फॉरेस्ट आहे आणि १९००मध्ये आखलेली फोर्त्झहाइम ते बाझेल ही सुमारे २८५ किलोमीटरची पायवाट आहे. जंगल सरकारी असो वा खासगी, फिरण्यासाठी कुणालाही आत जाण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. शहरात घर असणारे भाड्याने बागेचा तुकडा घेतात. तो जास्तीत जास्त ४०० चौरस मीटरचा असतो आणि तिथे नुसती फुले लावून चालत नाही, भाजीपालाही पिकवावा लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला तिथे कांदा लावायला कुणी शिकवायला नको. मोठ्या शहरांत त्यासाठीची प्रतीक्षायादी मात्र लांब असते.

हे सगळे जवळजवळ फुकट आहे, म्हणूनच ते पगाराचा भाग समजायला हवे. इथे अंकाई-टंकाईचा किल्ला मनमाडपासून हाकेच्या अंतरावर आहे, हडबीची शेंडी तर गावातून दिसते. पण रोजच्या अप-डाऊनमधून तिथे वर्षाकाठी कितीदा जाणे होते?

दुसरी बाजूही तेवढीच खरी. डिसेंबरात स्टुटगार्टला सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. पाळीत काम करणाऱ्याला आठवडाभर ऊन दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आयुष्य बंद दारामागचे असते. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी तक्रार करतात. या भागात जिना आणि फुटपाथ आळीपाळीने झाडण्याची, ‘केरवोखे’ नावाची जुनी पद्धत आहे आणि आपली पाळी चुकवणे अजिबात खपत नाही. आणि मनमाडला ज्याला ‘बाहेर’ म्हणतात ते, म्हणजे ओट्यावरच्या गप्पा, स्टेशनसमोरचा चहा, न सांगता आलेला मित्र, ते तिथे नाही. तिथल्या ‘बाहेर’मध्ये झाडे भरपूर आणि ओळखीची माणसे कमी. डोंगर चढणाऱ्याला ते मानवते. चौकात बसणाऱ्याला पहिला हिवाळा जड जातो. आपण यातले कोण, हे जाण्याआधी स्वतःला विचारणे पगाराच्या चौकशीइतकेच व्यवहारी आहे.

परत आलो तर?

जर्मन निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला किमान ६० महिन्यांचे योगदान लागते. भारत आणि जर्मनीतील सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७पासून लागू आहे. त्यामुळे ही पात्रता मोजताना भारतातील भविष्यनिर्वाह निधीचा काळही जमेस धरता येतो आणि पेन्शन भारतात राहूनही घेता येते. त्यामुळे दोन-तीन वर्षांत परतणाऱ्याने पगारातून कापले गेलेले ९.३ टक्के बुडाले असे समजून कागद फेकून देऊ नयेत. तिथल्या विमा खात्याची पत्रे आणि इथला पीएफचा यूएएन क्रमांक एकाच फाईलमध्ये जपून ठेवावा. ती फाईल उघडायची वेळ तीस वर्षांनी येईल.