चुन्याचा हिशेब

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकालच्या थोडं उत्तरेला, तरंगमबाडी नावाचं लहानसं गाव आहे. युरोपीय कागदपत्रांत ते ट्रांकेबार म्हणून येतं. १७९२ साली बांधलेल्या पांढऱ्या वेशीतून आत शिरलं की किंग्ज स्ट्रीट सरळ समुद्राकडे निघतो. रस्त्याच्या दुतर्फा चर्च आणि जुनी घरं, टोकाला डॅन्सबोर्गचा किल्ला, आणि किल्ल्यासमोरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला एक दुमजली, खांबांच्या व्हरांड्याचा बंगला. ब्रिटिश अमदानीत हे कलेक्टरचं निवासस्थान होतं असं सांगतात. आज तिथं नीमराणा समूहाचं ‘बंगलो ऑन द बीच’ हे हॉटेल आहे. खोल्या जेमतेम आठ, आणि त्यांना नावं दिली आहेत डॅनिश जहाजांची. असल्या हॉटेलांकडे आपण सहसा दोनच नजरांनी पाहतो: एक तर मधुचंद्राची जागा म्हणून, नाही तर श्रीमंतांची चैन म्हणून. त्यांच्याकडे इमारत राखण्याची एक तजवीज म्हणून पाहायला हवं, आणि त्या कसोटीवर तरंगमबाडीचा बंगला बऱ्यापैकी उतरतो, असं माझं म्हणणं आहे. बऱ्यापैकीच, पूर्ण नाही.

आधी गावाची कुळकथा. १६२० साली ओव्हे गेडे या डॅनिश दर्यासारंगानं तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला आणि इथं वखार आणि किल्ला उभारण्याची परवानगी मिळवली. पुढे तंजावरची गादी शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्याकडे आली, आणि डॅनिशांना मराठ्यांच्या दरबाराशी जुळवून घ्यावं लागलं. १७०६ साली इथं उतरलेल्या झिगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्यानं छापखाना आणला आणि तमिळमधला नवा करार छापला. १७५० साली आलेला श्वार्त्झ हा दुसरा मिशनरी पुढे तंजावरात सरफोजी राजांचा पालक आणि शिक्षक झाला. याच सरफोजींनी देवनागरी छापखाना काढून ‘बालबोध मुक्तावली’ छापवली, तेव्हा मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकं छापण्याची सुरुवातही व्हायची होती. मराठी व्याकरण छापणाऱ्या विल्यम कॅरीचं बंगालमधलं श्रीरामपूरही डॅनिशांचंच. १८४५ मध्ये ही दोन्ही ठाणी साडेबारा लाखांना इंग्रजांच्या कंपनीला विकली गेली. पंधरा वर्षांनी कलेक्टर कचेरी तंजावरला हलली, रेल्वे नागपट्टिणमला आली आणि तरंगमबाडीचं बंदर मागे पडलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा नव्हता म्हणून ती राहिली. गरिबीनं गाव राखलं असं म्हणता येतं, पण गरिबी फार दिवस राखत नाही. ती पाडत नाही आणि दुरुस्तही करत नाही, एवढंच.

आणि समुद्राकाठी दुरुस्ती न करणं म्हणजेच पाडणं. खारा वारा विटेत शिरतो, आतलं पाणी सुकतं आणि मिठाचे कण राहतात. ते फुगतात आणि विटेचा पापुद्रा आतून ढकलतात. भिंतीला लोणा लागतो. या किनाऱ्यावरचे जुने गवंडी शिंपले भाजून केलेला चुना वापरत. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत, जसं आपल्याकडच्या वाड्यांतही घालत. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो आणि मीठ स्वतःवर घेतो. तो झडतो, भिंत वाचते. पण झडला की पुन्हा चढवावा लागतो. वरची गच्ची सागवानी तुळयांवर तिरप्या उभ्या विटा रचून, त्यावर चुना आणि विटांचा चुरा ठोकून केलेली असते. एका पावसाळ्यात तिची भेग बुजवली नाही की पाणी तुळईच्या टोकाशी जातं आणि सागही कुजतो. घाईत केलेली दुरुस्ती तर याहून घातक. सिमेंटचा गिलावा मारला की भिंत बाहेरून कोरडी, टणक दिसते. आत मात्र ओल कोंडते आणि काही वर्षांत सिमेंटच्या पाठीमागे वीट भुसभुशीत होते. म्हणजे अशा इमारतीला एकदाचा मोठा निधी नको असतो, तिला दरवर्षीचा लहान खर्च लागतो, आणि चुना कालवता येणारा गवंडी लागतो. अनुदानाला हे जमत नाही. अनुदान उद्‌घाटनापर्यंत पोचतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर फाईल कुठं असते ते विचारू नये.

हॉटेलाला मात्र ते जमावंच लागतं. भिंतीला ओल आली की पाहुणा तक्रार करतो, खोली रिकामी राहते आणि मालकाला गवंडी बोलवावा लागतो. स्वार्थ आणि जतन यांची इथं गाठ पडते. नीमराणा समूहाच्या अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी १९८६ साली राजस्थानातला नीमराण्याचा पडका किल्ला घेतला, १९९१ मध्ये थोड्या खोल्यांनिशी तो सुरू केला आणि मिळकतीतून पुढचं काम करत नेलं. त्या पद्धतीत हाच हिशेब होता. खोल्या थोड्या असण्याला इथं महत्त्व आहे. मोठं हॉटेल करायचं तर लिफ्ट, नवी भिंत, नवी इमारत आणि त्या जोरावर जुनीची फक्त दर्शनी बाजू ठेवणं आलंच. आठ खोल्यांचा बंगला बंगलाच राहतो. जाड भिंती, उंच छत आणि समुद्राकडचा व्हरांडा, हीच तिथली चैन, आणि ती बांधणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेली आहे.

यावर कुणी म्हणेल, मग सरकारी संग्रहालय का नको? किल्ल्यात ते आहेच, आणि असायलाच हवं. पण एका लहान गावात पंधरा-वीस जुन्या घरांची पंधरा-वीस संग्रहालयं कोण चालवणार आणि कोण पाहणार? श्रीरामपूरमध्ये डॅनिशांच्या १७८६ सालच्या पडक्या खानावळीचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा तिचा शेवट कॅफे आणि मुक्कामाच्या जागेतच झाला, आणि ते शहाणपणाचं होतं. खानावळ म्हणून बांधलेल्या घरात लोक जेवले तर घराचा अपमान होत नाही. गोव्याच्या तेरेखोल किल्ल्याचंही असंच हॉटेल झालं: सावंतवाडीच्या भोसल्यांचा किल्ला, १७४६ पासून पोर्तुगीजांकडे, आणि पुढे वारांची नावं दिलेल्या सात खोल्या.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वसाहतवाल्यांच्या घरात उंची बिछान्यावर पहुडून आपण त्यांच्या वैभवाचं गुणगान करत नाही का? करतो, जर इतिहास सजावटीपुरता ठेवला तर. डॅनिशांच्या जहाजांतून कापड आणि मिरी गेली, तशी सतराव्या शतकात याच किनाऱ्यावरून माणसंही गुलाम म्हणून गेली. खोलीच्या दारावर जहाजाचं नाव लिहायचं तर जहाजांत काय काय भरलं जाई तेही पाहुण्याला वाचायला मिळावं. घर राखणं म्हणजे घराची बाजू घेणं नव्हे. पण घर पाडल्यानं तो इतिहास पुसला जातो असंही नाही. उलट, दाखवायला पुरावाच उरत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतला सर्वांत मोठा फटका तेव्हाच्या नागपट्टिणम जिल्ह्याला बसला आणि तरंगमबाडी त्याच जिल्ह्यात होती. मच्छीमारांची वस्ती उद्‌ध्वस्त झाली. त्यानंतर सरकारचं धोरण ठरलं ते असं: समुद्रापासून दोनशे मीटरच्या आत ज्यांची घरं आहेत त्यांनी ती सोडून दिली तर आत, लांबवर नवं पक्कं घर मिळेल. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे. पण ज्याची होडी वाळूवर आहे त्यानं मागं जायचं आणि ज्याला समुद्र फक्त पाहायचा आहे त्यानं काठावर राहायचं, हे चित्र कुणालाही खटकेल. बंगला आधीपासून तिथं होता, त्यानं कुणाची झोपडी हटवली नाही, हे खरं. पण एवढ्यानं हिशेब मिटत नाही. काठावर राहण्याचा मान मिळालेल्या हॉटेलानं गावाचं काही देणं मानायला हवं. मासळी गावातल्या होड्यांची, नोकरीवर माणसं गावातली, चुन्याच्या कामाला कारागीर याच भागातले, आणि व्हरांड्यासमोरची वाळू सगळ्यांना मोकळी. भाडं जास्त असल्याचा राग मला येत नाही. ते भाडं गावात किती उरतं, हे विचारावंसं वाटतं. आठ खोल्यांचं हॉटेल सबंध गावाला पोसू शकणार नाही, म्हणून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षाही करू नये. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेनं तरंगमबाडीत इतर जुनी घरं दुरुस्त केली, डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयानं गव्हर्नरच्या बंगल्याच्या कामाला हात लावला, किल्ल्याच्या दुरुस्तीत डॅनिश हौशी मंडळी उतरली. एकच इमारत चकचकीत आणि बाकी गाव ढासळलेलं, असं तिथं झालं नाही ते या सगळ्यांमुळे.

समुद्र स्वतः यातल्या कुणाचीच बाजू घेत नाही. बंगल्याजवळच मासिलामणि नाथाचं, १३०६ सालच्या पांड्य राजवटीतलं मंदिर आहे. त्याचा पुढचा भाग लाटांनी कधीच गिळला, आणि उरलेल्याची अलीकडे फेरबांधणी करावी लागली. तेव्हा बंगला कायमचा वाचला असं कुणी म्हणू नये. दरवर्षी चुना चढतो आहे तोवर तो उभा आहे.

सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहायला तंजावरला जाणारे मराठी प्रवासी बहुतेक तिथूनच परततात. तरंगमबाडी तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि मयिलाडुतुरैपर्यंत रेल्वेही जाते. जमलं तर एक दिवस वाढवा. आधी किल्ल्यातलं संग्रहालय पाहा, मच्छीमारांच्या वस्तीकडून एक फेरी मारा, आणि बंगल्यात उतरायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.