ढोकीच्या हवेतले रूळ

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीला रेल्वे आली ती अडीच फुटांच्या रुळांवरून. बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली लातूरला पोचली. ढोकी तिच्या वाटेवरचं गाव. जवळजवळ शंभर वर्षं इथली माणसं आणि माल याच अरुंद रुळांवरून गेला. मग २००७-०८च्या सुमारास साडेपाच फुटी ब्रॉडगेज आली. जुन्या गाडीचं इंजिन भले ठणठणीत असेल, पण नव्या रुळांवर ते वीतभरही सरकलं नसतं. बिघाड कशात? कशातच नाही. चाकांमधलं अंतर आणि रुळांमधलं अंतर जुळत नाही, एवढंच.

अगदी हीच गोष्ट आजही गावोगाव घडते, फक्त रूळ डोळ्यांना दिसत नाहीत. नातू नवं सिम आणतो, आजोबांच्या बटणांच्या फोनमध्ये घालतो आणि आजोबा म्हणतात, “आरं, ह्याला तर रेंजच येईना!” फोन चांगला, सिम चांगलं, टॉवर समोर उभा. मग अडतं कुठे?

त्यासाठी आधी हवेतले रूळ बघायला हवेत. मोबाइलची लहर म्हणजे एका अर्थी प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. वेग तोच, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एका सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या! आणि ही लहर केवढी असते माहीत आहे? आपल्या हातानेच मोजता येईल एवढी. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर, म्हणजे सेकंदाला ७० कोटी वेळा थरथरणारी, साधारण ४३ सेंटिमीटर लांब भरते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, जवळजवळ एक हात. ९०० मेगाहर्ट्‌झची फूटभर. १८००ची लहान मुलाच्या वितीएवढी. फाइव्ह-जीची ३३०० मेगाहर्ट्‌झची लहर मुठीएवढी, आणि २६ गिगाहर्ट्‌झची करंगळीच्या नखाएवढी. हात, फूट, वीत, मूठ, नख! एरवी अंगानेच मोजायची ही मापं आत्ता, या क्षणी, तुमच्या अंगावरून, भिंतींतून, पिकावरून लाखोंनी वाहताहेत.

लांब लहर आणि आखूड लहर यांचे स्वभाव वेगळे. लांबून वरात येत असली की आधी काय ऐकू येतं? ढोलाचा दणका. सनई दारात आल्यावरच कानी पडते. ढोलाचा जाडा आवाज घरांना वळसा घालत येतो, सनईचा बारीक सूर वाटेतच विरतो. रेडिओ लहरींचंही साधारण तसंच. हातभर लांबीची लहर टेकाडाच्या आडोशाला वळते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते, लांबवर पोचते. मुठीएवढी लहर भरपूर माहिती वाहून आणते, पण लवकर दमते. म्हणून ढोकीसारख्या गावात, जिथे वस्त्या विखुरलेल्या आणि दोन टॉवरांमधलं अंतर मोठं, तिथे खरी कामाची ती लांब लहर.

आणि हा भाग उसाचा. ऊस म्हणजे उभं पाणीच. त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा. डोक्याहून उंच फडात शिरलात की ओली पानं लहर शोषतात, विखरतात, आणि आखूड लहरीचं तर जास्तच नुकसान करतात. बांधावर बोलणं नीट चालू असतं आणि फडात शिरलं की तुटायला लागतं, ते यामुळे. गावातल्या जुन्या माळवदी घरांचंही तेच. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण लहरीलाही अडवतात. म्हणून फोन देवळीत ठेवला की मुका होतो आणि खिडकीत ठेवला की वाजतो.

आता खरा थक्क करणारा आकडा. टॉवरच्या अँटेनातून काही दशक वॅट शक्ती बाहेर पडते, घरातल्या बल्बएवढीच म्हणा. ती चहूकडे पसरत, विरत तुमच्यापर्यंत येते तेव्हा किती उरते? एका वॅटचे दहा लाख कोटी भाग करा. त्यातला एक. फोनवर एखादी काडी दिसते तेव्हा हातात बहुधा एवढंच आलेलं असतं, आणि एवढ्यावर तो तुमच्या आईचा आवाज उभा करतो! केवढा हा बारीक कान! (याहून बारीक कान महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण दूरच्या आकाशगंगांचा रेडिओ-आवाज ऐकते. तिच्या कानाला आपला मोबाइल म्हणजे डीजेच वाटावा. हा भाग निवडला गेला त्याचं एक कारण तिथली रेडिओ-शांतता.)

पण ऐकणं हे अर्धंच काम. फोनला उत्तरही द्यायचं असतं, आणि फोर-जीच्या फोनची ताकद फार तर पाव वॅटच्या आत. टॉवर मोठ्याने बोलतो, फोन कुजबुजतो. रेंज दिसते पण कॉल लागत नाही, असा अनुभव सगळ्यांना आहे. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, तुमची कुजबुज तिथवर जात नाही, हे त्याचं एक मोठं कारण. काड्या फक्त एका बाजूची गोष्ट सांगतात. शिवाय किती ताकदीला किती काड्या, याचा सर्वांना लागू असा नियमच नाही. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फोनवर वेगवेगळ्या काड्या दिसल्या तर कुणाचाच फोन खोटं बोलत नसतो.

आणि तुमचं बोलणं? ते सलग जातच नाही. फोन तुमच्या आवाजाचे सेकंदाला पन्नास तुकडे करतो, प्रत्येक तुकडा एका सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचा. ते आकड्यांत बांधून रवाना करतो आणि पलीकडचा फोन ते पुन्हा जोडतो. तुम्ही बोलायचं थांबलात की तुकडे पाठवणंही जवळपास थांबतं. मग पलीकडच्याला एकदम सुन्न शांतता ऐकू यायला हवी, नाही का? तशी आली तर माणूस घाबरून “हॅलो, हॅलो” करतो. म्हणून त्याचा फोन स्वतःच मंद खुसखुस तयार करून कानात सोडतो, कॉल जिवंत आहे हे वाटावं म्हणून! आपण गप्प बसलेलो असताना समोरच्याला ऐकू येणारी ती बारीक सळसळ आपल्या घरातली नसते, त्याच्याच फोनने रचलेली असते.

टू-जीच्या यंत्रणेत तर वेळेचा हिशेब इतका काटेकोर की एकाच लहरीवर आठ माणसं आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा सुमारे सतराशेवा भाग. लांबच्या फोनची लहर उशिरा पोचते, म्हणून टॉवर त्याला सांगतो, ‘तू थोडं आधी बोलायला लाग.’ हे ‘थोडं आधी’ साधारण साडेपाचशे मीटरच्या पायऱ्यांनी मोजतात, आणि अशा चौसष्ट पायऱ्या झाल्या की संपलं. म्हणून टू-जीचा साधा टॉवर जास्तीत जास्त ३५ किलोमीटरपर्यंतच पोचतो. सपाट माळरान असो, लख्ख आकाश असो, छत्तिसाव्या किलोमीटरवरचा माणूस त्या हिशेबातच बसत नाही.

आता कॉल येतो तेव्हा तो तुम्हाला शोधतो कसा? तुम्ही ढोकीत आहात, तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेला आहात की येडशीच्या रानात आहात, हे कॉल करणाऱ्याला कुठे ठाऊक? यंत्रणेला मात्र तुमचा परिसर माहीत असतो. त्या परिसरातले सगळे टॉवर एकदम दवंडी देतात, ‘अमुक फोन कुठे आहे?’ तुमचा फोन झोपेतून साधारण सेकंदा-दोन सेकंदांनी एक डोळा उघडून ही दवंडी ऐकत असतो. आपलं नाव कानी पडलं की ‘ओ’ देतो. रेंज नसलेल्या जागी मात्र तो झोपतच नाही, टॉवर शोधत बसतो, आणि म्हणूनच तिथे बॅटरी भराभर उतरते.

लातूरहून कुर्डुवाडीकडे निघालेल्या गाडीत बोलत बसलात तर कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो. पालखीचा खांदा बदलताना पाहिला आहे ना? नवा खांदेकरी आत येतो, जुना अलगद बाहेर निघतो, पालखी थांबत नाही. फोर-जीत हा बदल सेकंदाच्या लहानशा हिश्श्यात उरकतो. प्रत्येक टॉवरचं आपलं एक घर, अशा छोट्या-छोट्या घरांचा हा मांड, म्हणजे एक लहर इथे वापरायची आणि थोडं पलीकडे पुन्हा तीच वापरायची, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ सालीच कागदावर उतरली होती. हातात धरायच्या फोनवरून पहिला कॉल व्हायला १९७३ उजाडलं. आणि भारतात? ३१ जुलै १९९५. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले.

त्याच कोलकात्यात शंभर वर्षं आधी, १८९५च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार करून त्या भिंतीपलीकडे पाठवून दाखवत होते. २०२२च्या लिलावात आपल्या सरकारने जी नखाएवढी २६ गिगाहर्ट्‌झची लहर विकली, तिच्याहून आखूड! त्या लिलावात एकूण दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. हवा फुकट आहे असं कोण म्हणतं?

आता आजोबांच्या फोनकडे परत येऊ. फोनला हवेतली कुठलीही लहर का पकडता येत नाही? कारण त्याच्या पोटात चाळण्या आहेत. लहरींच्या प्रत्येक पट्ट्यासाठी, म्हणजे बँडसाठी, एक वेगळी, आणि हल्लीच्या स्मार्टफोनमध्ये अशा कित्येक डझन. ज्वारी चाळताना खडा मागे राहतो तशी नको ती लहर मागे ठेवायची. पण फूटभर लांबीची लहर ज्वारीच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये चाळायची कशी? इथली करामत बघून हात जोडावेसे वाटतात. फोन त्या रेडिओ लहरीचं रूपांतर आवाजासारख्या कंपनात करतो आणि ते एका स्फटिकावरून पळवतो. स्फटिकावर कंपनाचा वेग रेडिओ लहरीच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून तिची लांबीही तेवढीच आकसते. फूटभर लांबीची लहर केसाच्या जाडीच्याही पंधराव्या-विसाव्या हिश्श्यात मावते! म्हणजे तुमच्या खिशात दर सेकंदाला नव्वद कोटी वेळा थरथरणारा स्फटिक आहे आणि तुम्हाला त्याची चाहूलही नाही.

ही चाळणी कारखान्यात स्फटिकावर कोरलेली असते. नंतर कुठलंही अपडेट टाकून ती बसवता येत नाही. आणि चाळणीबरोबर भाषाही जुळावी लागते. जिओकडे टू-जी यंत्रणाच नाही, त्यामुळे फक्त टू-जी बोलणाऱ्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये जिओचं सिम घालून काही होणार नाही. बीएसएनएलची फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झवर येते. ७००चा तो हातभर लांबीचा पट्टा, म्हणजे बँड २८, गावाला सगळ्यात उपयोगाचा. पण फोर-जीचे कितीतरी जुने फोन त्याची चाळणी नसतानाच बाजारात आले.

रेंज म्हणजे फक्त बोलणं नाही, हेही या भागात विसरता येत नाही. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरला धरणी हलली, तेव्हा देशात मोबाइलची पहिली घंटा वाजायलाच दोन वर्षं होती. २०२३ साली सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली आणि असंख्य फोन एकदम मोठ्याने वाजले, पडद्यावर मराठीत मजकूर. असा इशारा एकेका नंबरला जात नाही. टॉवर एकदाच हाक मारतो आणि त्याच्या छायेतला इशारा घेऊ शकणारा प्रत्येक फोन ती ऐकतो. कॉलची कितीही गर्दी असली तरी ती हाक अडत नाही.

तेव्हा पुढचा फोन घ्यायला लातूरला किंवा धाराशिवला जाल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढंच विचारू नका. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर बँडची यादी असते. तिच्यात ३, ५, ८, ४० हे आकडे शोधा, आणि शेतात, वस्तीवर राहत असाल तर २८ आहे का ते पैसे देण्याआधी बघा.