अंगणातला पांडवकडा

मैत्रिणींनो, खारघरचा पांडवकडा पावसाळ्यात लांबूनच पाहावा. तिथे माणसं बुडाली आहेत. मग आपल्या पनवेलच्या बागेत छोटासा धबधबा का नको? हवाच! पण पाणी पाडणं सोपं, साचलेलं सांभाळणं कठीण.

दगड खाणीवरचा काळा घ्या, वनखात्याच्या डोंगरातून उचलू नका. उंची अडीच फूट पुष्कळ. खाली दीड फूट खोल सिमेंटचं कुंड, त्यात बुडता पंप. तेच पाणी नळीने वर चढतं. वरचा पसरट दगड किंचित पुढे झुकवून मागच्या फटी बुजवा, नाहीतर पाणी दगडामागेच उतरतं आणि समोर नुसती ओल! गवंड्याला हे दोनदा सांगावं लागतं. गळती होताच वीज तोडणारं बटण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्याच. रांगतं मूल असेल तर कुंडावर भक्कम जाळी हवी.

आता डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो; अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. वीज गेली, आपण माहेरी गेलो, की धबधब्याचं डबकं झालंच. म्हणून कुंडात गप्पी मासे सोडा, दगडांत खळगे ठेवू नका. दर आठवड्याला पाणी थोडं उतरवून कडा खसाखसा घासा. अंडी तिथेच चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. काढलेलं पाणी मोगऱ्याला घाला.

मे महिन्यात देहरंग धरण आटू लागलं, की मासे टबात हलवून कुंड कोरडं करा. नुसते काळे दगडही वाईट दिसत नाहीत.