निघालेला पाहुणा

सांतियागोच्या यात्रेवर लिहायला स्पेनमध्ये आले होते. सिलोसचा मठ त्या मुख्य वाटेवर नाही, बुर्गोसपासून सुमारे 60 किलोमीटर आत आहे. तरी एका दगडासाठी आधी तिथे गेले.

सांतो दोमिंगो यांनी अकराव्या शतकात हा मोडकळीला आलेला बेनेडिक्टाइन मठ सावरला. 1073 साली ते वारले आणि त्यांच्या थडग्याच्या दर्शनाला माणसं येऊ लागली. पुढे चौकाभोवती दगडी ओवऱ्या उभ्या राहिल्या.

वायव्य कोपऱ्यातल्या खांबावर 1100 च्या आसपास कोरलेल्या तीन मूर्ती आहेत. प्रसंग एम्माऊसच्या वाटेवरचा. पुनरुत्थित येशू दोन शिष्यांबरोबर चालतो आहे, पण त्यांना तो ओळखू येत नाही. गाव आलं तरी तो पुढेच निघतो. दिवस कलला, आता थांबा, म्हणून ते त्याला गळ घालतात. त्याच्या झोळीवर शिंपला आहे, सांतियागोच्या यात्रेकरूची खूण. म्हणजे शिल्पकाराने येशूलाच आपल्या काळातला यात्रेकरू केला.

मी खिळले ते त्याच्या पायांपाशी. पाय पुढच्या वाटेला लागलेत, मान मात्र मागे शिष्यांकडे वळली आहे. पुढे जेवताना तो भाकर मोडतो तेव्हा त्याची ओळख पटते, तो प्रसंगही कोरता आला असता. या अनाम कारागिराने ताटाआधीचा आग्रह कोरला. पाहुणा अजून 'हो' म्हणालेला नाही, आणि ती घालमेल त्या मानेच्या वळणात उतरली आहे. असा हात मी दुसरीकडे पाहिला नाही.

हा दगड रोज ज्यांच्या नजरेस पडे, त्या भिक्षूंना पाहुण्याचं स्वागत ख्रिस्त समजूनच करायचं होतं. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत तसं सांगितलं आहे: मठाधिपतीने पाहुण्याच्या हातावर पाणी घालावं, सगळ्यांनी मिळून त्याचे पाय धुवावेत. पाहुणे अवेळीही येणारच, म्हणून त्यांचं स्वयंपाकघरही वेगळं.

पण 1835 मध्ये सरकारी हुकमाने मठ बंद झाला. थांबा म्हणणारी माणसंच गेली. 1880 मध्ये फ्रान्समधून भिक्षू येईपर्यंत, 45 वर्षं, आग्रह करणारे राहिले ते दगडातले दोघेच. त्या काळात एखादा थकलेला वाटसरू दारापर्यंत येऊन माघारी गेला असेल का, हा विचार अजून मनातून जात नाही. आता त्या शिल्पाला धास्ती आहे ती ओलीची. हा चुनखडक मऊ. ओल मुरली, क्षार वर आले की पापुद्रे सुटतात. झोळीवरचा तो शिंपला तर बोटाच्या जाडीचाही नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चचं दार उघडं होतं. आत जाऊन बसले.