मराठी तीस, इंग्रजी चाळीस

विषयाची पाटी वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञानाच्या बाईंचा टायपिंगशी काय संबंध. सांगते.

आमच्या वरच्या खोलीत एक मुलगा भाड्याने राहतो. बीड जिल्ह्यातला आहे. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत पाठीवर सॅक घेऊन अभ्यासिकेकडे निघालेली मुलं तुम्ही रोज बघता, त्यांतला एक. लिपिक-टंकलेखक पदाच्या लेखी परीक्षेत त्याला चांगले गुण पडले आणि टायपिंगच्या चाचणीत तो बाद झाला. वेग कमी होता म्हणून नव्हे, चुका जास्त झाल्या म्हणून. वडील ऊसतोडीला जातात. दोन वर्षांचा अभ्यास दहा बोटांनी घालवला, असं तो जिन्यात बसून मला म्हणाला. तेव्हापासून आम्ही दोघं रोज संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर टायपिंग करतो. तो चाचणीसाठी, आणि मी माझ्या जुन्या टिपणांसाठी, त्याबद्दल पुढे बोलेन.

'मराठी तीस, इंग्रजी चाळीस' हे शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही नोकरीच्या जाहिरातीत तुम्ही वाचले असतील. मिनिटाला मराठी तीस शब्द किंवा इंग्रजी चाळीस शब्द, एवढ्या वेगाचं प्रमाणपत्र हवं. ही परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आपल्या पुण्यातलीच. पूर्वी परीक्षा यंत्रावर व्हायची, गेल्या दशकात ती संगणकावर गेली. आता इथे 'शब्द' म्हणजे शब्दकोशातला शब्द नव्हे. टायपिंगच्या रूढ हिशोबात पाच ठोके म्हणजे एक शब्द, मोकळी जागासुद्धा एक ठोका. म्हणजे इंग्रजी चाळीस म्हणजे मिनिटाला २०० ठोके, एका ठोक्याला सेकंदाचे तीन दशांश. ऐकायला भयंकर वाटतं, पण सरावलेल्या हाताला ती चाल संथ वाटते.

चुकीची किंमत किती, ते बघू. समजा एक अक्षर चुकलं आणि आणखी तीन अक्षरं पुढे गेल्यावर ते लक्षात आलं. ते चार ठोके वाया गेले. मागे यायला चार ठोके, ते झाले आठ. पुन्हा मारायचे ते खरे ठोके, ते हिशोबात धरायचे नाहीत. मिनिटात अशा पाच चुका झाल्या की ४० ठोके गेले. २०० मधून ४० गेले की उरले १६०, म्हणजे ३२ शब्द. चाळीसच्या वेगाने बोटं पळवणारा मुलगा बत्तीसवर येतो, आणि चूक दिसल्यावर छातीत जे धस्स होतं त्याचा वेळ मी धरलेलाच नाही. त्याच्या शेजारी पस्तीसच्या चालीने, न चुकता टाइप करणारी मुलगी त्याच्या पुढे जाते. हा हिशोब मी त्याला मांडून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे क्लासमध्ये कुणी सांगितलंच नाही." सांगितलं असणार. त्याने ऐकलं नसेल. वीस वर्षांचं असताना मीही ऐकलं नव्हतं.

माझी गोष्ट १९६८ ची. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला नारायण पेठेतल्या एका वाड्यात टायपिंगच्या क्लासला घातलं. नोकरी नाहीच लागली तर हाताशी असू दे, म्हणून. माडीवर ओळीने यंत्रं, काही रेमिंग्टन, काही गोदरेज. गोदरेजने भारतीय बनावटीचं पहिलं यंत्र १९५५ साली काढलं होतं, त्यामुळे ती तशी नवीच होती. खाली रस्त्यापर्यंत खडखडाट ऐकू यायचा. सर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे. बोटांकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. मला ते अपमानास्पद वाटायचं. मी सहा महिन्यांत क्लास सोडला आणि पुढे बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं.

गंमत अशी की त्या रुमालाचं तत्त्वज्ञान मी पुढे तीसेक वर्षं शिकवत होते. गिल्बर्ट राइल नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली एक फरक मांडला. अमुक गोष्ट 'आहे' हे माहीत असणं वेगळं आणि ती 'करता येणं' वेगळं. कुठली कळ कुठे आहे हे विचारा, चांगला टंकलेखक सांगताना अडखळतो, त्याला हवेत बोटं हलवून बघावी लागतात. कारण ते ज्ञान त्याच्या सांगण्यात नाही, करण्यात आहे. उलट आमच्या मुलाला कळफलक तोंडपाठ होता! तो प्रत्येक अक्षराला मनात विचारायचा, 'ह कुठे?', उत्तर द्यायचा आणि मग बोट न्यायचा. डोळे वर-खाली, वर-खाली. चुका तिथे होत होत्या. डोळे खाली गेले की उताऱ्यातली ओळ हरवते.

म्हणून आम्ही काय केलं? वेग मुद्दाम उतरवला. मिनिटाला पंधरा. लाज वाटेल इतका संथ. घड्याळाच्या टिकटिकीसारखे, सगळे ठोके सारख्या अंतराने. सोपी अक्षरं पटकन मारायची नाहीत आणि जोडाक्षरापाशी थांबायचं नाही. दहा मिनिटांत दोनापेक्षा जास्त चुका झाल्या तर दुसऱ्या दिवशी तीच चाल. नाही झाल्या तर दोन शब्द वाढवायचे. आणि चुकलेला शब्द वहीत लिहून ठेवायचा. आठ दिवसांनी वही बघितली, तर निम्म्याहून जास्त चुका उजव्या करंगळीच्या आणि शिफ्टच्या. मग त्याच शब्दांचा सराव. सगळा उतारा शंभर वेळा मारण्यात अर्थ नसतो, बरं का. जे येतंय तेच आपण घोटत बसतो.

तेविसाव्या शब्दापाशी तो अडला. तीन आठवडे चाल हलेना. रडकुंडीला आला. ही अडण्याची जागा नवी नाही. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला होता. प्रगतीची रेषा वर जाते, मग बराच काळ सपाट राहते, मग पुन्हा चढते. त्यांचं म्हणणं असं की सपाट काळात अक्षरांची सवय पुरी झालेली असते आणि शब्दांची सवय अजून जुळत असते. टायपिंगमध्येही हेच होतं. 'आणि' हे तीन-चार ठोके राहत नाहीत, एक झटका होतो. 'करण्यात येत आहे' हा सरकारी पत्रातला तुकडा तर बोटं झोपेत मारतात. त्या सपाटीवर पुष्कळ मुलं क्लास सोडतात. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत, दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. पहिल्या दोन सगळ्यांना पटतात. तिसरीचा अर्थ मला या टेबलावर कळला. रोज वीस मिनिटं, पण ती वीस मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत.

आता मराठीची खास अडचण. आपल्याकडे दोन कळफलक चालतात. जुना रेमिंग्टन, यंत्राच्या वळणाचा, आणि इन्स्क्रिप्ट, ज्याचा १९९१ च्या भारतीय मानकात समावेश झाला. यंत्रावर कागदावर जसं दिसतं तसं उमटवायचं. 'विद्यार्थी' लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग व, आणि रफार अगदी शेवटी, दीर्घ वेलांटीच्याही नंतर, कारण तो डोक्यावर बसतो. इन्स्क्रिप्टवर जसं बोलतो तसं. व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. दहा ठोके, उच्चाराच्या क्रमाने. एक डोळ्याने लिहिणं आहे, दुसरं कानाने. इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि क च्या कळीवर शिफ्ट धरली की ख, ग वर घ, त वर थ. आपली वर्णमाला ज्यांनी रचली त्यांना हे आवडलं असतं! कानडी किंवा बंगाली लिहितानाही जागा त्याच. नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्याचा हात रेमिंग्टनवर बसलाय त्याने चाचणीच्या तोंडावर बदलू नये. चाचणीत कोणता कळफलक मिळणार ते सूचनापत्रात आधी वाचावं.

आता माझ्या टिपणांबद्दल. नव्वदच्या दशकात मी दोनेकशे पानं व्याख्यानं टाइप करून घेतली होती. मागच्या वर्षी फाइल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल बिघडलेली नव्हती. त्या काळच्या फॉन्टमध्ये क च्या जागी आतून इंग्रजी अक्षरच साठवलेलं असायचं, वर फक्त मराठी मुखवटा. फॉन्ट गेला, मुखवटा गेला. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो कुठल्याही यंत्रावर क दिसतो. कार्यालयीन कागद युनिकोडमध्येच करा, ही विनंती नव्हे, आग्रह आहे. ती दोनशे पानं मी आता स्वतः टाइप करतेय. एकशे दहा झाली.

मांडणीचंही तसंच आहे. परीक्षेत वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र असतं, तक्ता असतो, आणि तिथे मुलं गुण घालवतात. जुन्या यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, इंचाला दहा किंवा बारा. त्यामुळे मथळा मधोमध घ्यायचा तर ओळीच्या मध्यावर यायचं आणि मथळ्यातल्या दर दोन अक्षरांना एकदा मागे जायचं, की झालं. संगणकावर मोकळ्या जागा मारून असं करू जाल तर फसाल, कारण इथे प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. तुमच्या पडद्यावर सरळ दिसणारी तारीख साहेबांच्या पडद्यावर दुसऱ्या ओळीत पडते. मधोमध घेण्याची आज्ञा वापरा, तारीख उजवीकडे घ्यायची तर उजवं संरेखन, आकड्यांसाठी तक्ता, नव्या पानासाठी पानतोड. वर्डमध्ये उलट्या इंग्रजी पीसारखं एक बटण असतं, ते दाबलं की प्रत्येक मोकळी जागा ठिपक्यासारखी दिसते. आमच्या मुलाच्या पहिल्या पत्रात ते दाबलं, तर पानभर मुंग्या!

पत्राचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, आपला विश्वासू, सोबतची कागदपत्रं, प्रत कुणाला. हा क्रम नुसता रिवाज नाही. ज्याच्या टेबलावर दिवसाला साठ पत्रं येतात तो आधी विषय वाचतो, मग संदर्भाचा क्रमांक, आणि तेवढ्यावर पत्र कुठल्या टेबलाकडे जाणार ते ठरवतो. विषय दोन ओळींत मावला नाही, तर पत्र लिहिणाऱ्यालाच विषय कळलेला नाही असं खुशाल समजा. मजकुरात एका परिच्छेदात एक मुद्दा, आणि काय हवंय ते शेवटी स्पष्ट.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे. "आता फोनवर बोललं की टाइप होतं, मग हे कशाला?" मीही बोलून टाइप करते, सोय आहे. हे भाषणसुद्धा कुणीतरी आधी यंत्राकडून उतरवून घेईल. पण मग त्यातला 'हलन्त' आणि 'रफार' दुरुस्त करायला एक माणूस बसेल, आणि त्याची बोटं चालावी लागतील. शिवाय चाचणीच्या खोलीत चाळीस जण एकदम बोलू लागले तर कसं व्हायचं?

दुसरी चिठ्ठी, "त्या मुलाचं काय झालं?" चाल तेहतीसवर आहे, चुका मिनिटाला एखादी. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. काल रात्री अकरा वाजता वरून कळांचा आवाज येत होता, तेव्हा जिना चढून जाऊन त्याला झोपायला सांगून आले.