पेटीतल्या वाऱ्याला वाट द्या!

मावळातली कार्ल्याची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. एकवीरा देवीच्या देवळाशेजारीच ते भव्य चैत्यगृह आहे. दर्शनी बाजूला मोठी नालाकृती खिडकी आणि आत सुमारे ३८ मीटर खोल दालन. डोंगरावर वारा भणाणत असला, तरी अगदी आत स्तूपाजवळ हवा शांत असते. का बरं? स्तूपामागे सलग कातळ आहे. वाऱ्याला आत यायला वाट आहे, पण पलीकडे निघून जायला नाही!

आता गावातलं जुनं घर आठवा. पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर. दोन्ही उघडली की झुळूक सरळ घरभर फिरून बाहेर पडते. तुमच्या टेबलावरच्या संगणकाच्या पेटीलाही, म्हणजे कॅबिनेटलाही, हाच नियम लागू पडतो.

पंखा गारवा देत नाही

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता बनते. २०० वॅट घेणारा संगणक म्हणजे बंद पेटीत १०० वॅटचे दोन जुने दिवे पेटवून ठेवल्यासारखंच! प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, की बहुधा तो स्वतःच आपला वेग कमी करतो. तरीही निवला नाही, तर संगणक बंद पडतो. नेमका प्रकल्प पूर्ण करायच्या रात्री!

मग आई-बाबांकडे हट्ट सुरू होतो, ‘अजून चार पंखे आणा.’ पण थांबा. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त हवा हलवतो. खोलीत ३५ अंश असतील, तर पंख्याने पेटीतली हवा ३५ च्या खाली येणार नाही. म्हणून पंखे किती, यापेक्षा वाऱ्याची वाट कशी, हे महत्त्वाचं.

थोडं गणित

एक लिटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १.२ ज्यूल उष्णता लागते. २०० वॅट म्हणजे सेकंदाला २०० ज्यूल. हवा १० अंशांहून अधिक तापू नये असं ठरवलं, तर प्रत्येक लिटर १२ ज्यूल घेऊन जाईल. २०० भागिले १२, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा हवी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. तिथली हवा थोडी विरळ, म्हणून तिथे १८ लिटर धरा.

पंख्याच्या खोक्यावर ‘सीएफएम’ लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. आपले १८ लिटर म्हणजे सुमारे ३८ सीएफएम. १२० मिलिमीटरचा साधा पंखा ४० ते ७० सीएफएमचा असतो. मात्र हा आकडा मोकळ्या हवेतला. जाळी आणि गाळणी आड आली की तो बराच घटतो. तरीही पुढून आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे तीन पंखे अशा संगणकाला पुरतात.

पंखे ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटर अशा मापांत मिळतात. हे माप चौकटीच्या बाजूचं, पात्यांचं नव्हे. दुकानात जाण्याआधी पट्टीने जागा मोजा. जागा असेल तर मोठाच घ्या. तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो, म्हणून आवाज कमी!

तोंड कुठे, पाठ कुठे?

बहुतेक पंख्यांत मोकळ्या पात्यांची बाजू हवा ओढते आणि मोटर धरून ठेवणाऱ्या काड्यांची बाजू हवा फेकते. चौकटीवर बाण असेल, तर तोच खरा. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा. मग फटींतून हवा बाहेर पडते आणि धूळ आत ओढली जात नाही.

जोडणी

आधी संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, बरं का! प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेली जागा प्रोसेसरच्या पंख्याची. पेटीचे पंखे ‘सिस्टीम फॅन’ किंवा ‘चासी फॅन’ या जागी जोडायचे. तिथल्या चार पिनांपैकी पहिली ऋण, दुसरी १२ व्होल्टची, तिसरी वेग सांगणारी आणि चौथी वेग ठरवणारी. तीन भोकांचा प्लगही तिथे बसतो. खाच जुळवा, जोर लावू नका. मग बायोसमध्ये तीन तारांच्या पंख्याला ‘डीसी’ आणि चार तारांच्या पंख्याला ‘पीडब्ल्यूएम’ निवडा.

एका जागेवर दुभाजक लावून दोन-तीन पंखे चालवता येतात, पण बेरीज करा. अशी एक जागा साधारणपणे १ अँपिअर सोसते. ०.२ अँपिअरचे तीन पंखे म्हणजे ०.६, चालेल. सहा म्हणजे १.२, नाही चालणार!

धुकं, धूळ आणि पाल

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चालू संगणक भोवतालापेक्षा गरम असतो, म्हणून त्याच्यावर सहसा दव धरत नाही. धोका असतो तो बरेच दिवस बंद पडलेल्या, गार यंत्राला. म्हणून धुकं आत शिरू लागलं की खिडकी लावा. पेटी ओल्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा. दमट हवेत गाळणीवर धुळीचा थर बसतो, तो महिन्याला काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. आणि मागच्या रिकाम्या फटींच्या पट्ट्या काढू नका. उबदार घर पालीलाही आवडतं!

अर्थात, वारा प्रत्येक ठिकाणी पुरत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता काढून न्यायला द्रव वापरला आहे. घरच्या यंत्राला मात्र वाराच पुरेसा.

करून पाहा: पेटी बंद करून संगणक चालू करा. पातळ कागदाची पट्टी बाहेरून पुढच्या जाळीसमोर धरा. ती जाळीकडे ओढली गेली पाहिजे. मग मागच्या पंख्यासमोर धरा. ती बाहेर फडफडली पाहिजे. दोन्हीकडे ती बाहेरच उडाली, तर एका पंख्याचं तोंड उलटं आहे. संगणक बंद करा, चार स्क्रू काढा आणि पंखा फिरवून लावा. खर्च? एक पैसाही नाही!