तळ्याकाठची वाळलेली झाडं

कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स या डोंगराळ गावातून एक रस्ता वर चढत जातो. एकामागून एक तळी लागतात आणि रस्ता जिथे संपतो तिथे शेवटचं तळं, हॉर्सशू लेक. तळ्याभोवती पायवाट आहे, जेमतेम पावणेतीन किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट. एका बाजूला पाइनची दाट झाडी, दुसऱ्या बाजूला पाणी आणि वाळूचा छोटा किनारा, डोक्यावर मॅमथ पर्वत. लहान मुलं दर दहा पावलांवर दगड उचलत चालली तरी दीड-दोन तासांत फेरी पूर्ण होते. तिथे राहणारी मराठी कुटुंबं भारतातून आलेल्या आईवडिलांना फिरवायला जागा शोधतात, तेव्हा अशाच जागा शोधतात: गुडघ्यांना चढ नको आणि नातवंडांना कंटाळा नको.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आम्ही तिथे गेलो होतो. भाऊ, वहिनी, सात वर्षांचा भाचा, आई आणि आप्पा. गाडीतून उतरल्या उतरल्या भाचा थबकला. गाडीतळाच्या कडेलाच झाडांची स्मशानभूमी होती. शेकडो पाइन उभ्या उभ्या वाळलेले, साल गळलेली, खोडं राखाडी पांढरी. वणवा म्हणावं तर कुठे काळं पडलेलं नाही. आणि शे-दीडशे पावलांवर हिरवंगार जंगल.

कडेच्या पाटीवर लिहिलेलं भावाने वाचून दाखवलं: जमिनीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याने ही झाडं मेली. भाच्याने लगेच आजोबांना गाठलं. "पण आबा, झाडं तर कार्बन डायऑक्साइड खातात ना? शाळेत शिकवलंय."

प्रश्न चोख होता. झाड कार्बन डायऑक्साइड वापरतं ते पानांतून, उजेडात. मुळांना मात्र आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो. तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत साठलेल्या हवेतून मिळतो. साध्या जंगलाच्या मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो. हॉर्सशूच्या काठी मोजला तेव्हा काही ठिकाणी तो 20 टक्क्यांपासून 90 टक्क्यांच्याही वर निघाला. मुळं गुदमरली. कुंडीत रोज पाणी साठून राहिलं की तुळस सडते, त्याचंही कारण हेच, मुळांना हवा मिळत नाही.

हा वायू आला कुठून? मॅमथ पर्वत हा ज्वालामुखी आहे, 3,369 मीटर उंच. त्याचे थर रचणारे मोठे उद्रेक सुमारे 50 हजार वर्षांपूर्वी थांबले. तो ज्या प्रचंड खोलगट प्रदेशाच्या कडेवर बसला आहे, ती लाँग व्हॅली, 7 लाख 60 हजार वर्षांपूर्वीच्या एका महाउद्रेकात जमीन खचून तयार झाली. 1989 मध्ये मॅमथ पर्वताखाली छोट्या भूकंपांची मालिका सुरू झाली आणि अनेक महिने चालली. थोडा शिलारस वर सरकला होता. तो पृष्ठभागापर्यंत पोहोचला नाही, पण त्याच्या धक्क्याने खोलवर अडकून पडलेल्या वायूला वर यायला फटी मिळाल्या. 1990 मध्ये झाडं वाळू लागली. आधी सगळ्यांना वाटलं दुष्काळ असेल, नाही तर खोडकिडा. मग 1994 मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मातीतला वायू मोजला, तेव्हा खरं कारण कळलं. एकूण शंभर एकरांहून अधिक जंगल मेलं.

ही गोष्ट झाडांवरच थांबली असती तर ती फक्त भूगोलाची राहिली असती. पण मार्च 1990 मध्ये तळ्याजवळच्या, बर्फाने झाकलेल्या एका लाकडी खोलीत शिरलेला वनरक्षक गुदमरून आजारी पडला होता. पुढे इथल्या तंबूतळावरच्या स्वच्छतागृहांत आणि छोट्या खोल्यांत या वायूचं प्रमाण 1 टक्क्याच्या वर सापडलं आणि वनखात्याने तो मुक्कामाचा तळ बंद केला. बाहेरच्या हवेत हे प्रमाण जेमतेम 0.04 टक्के असतं.

कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि तो हवेच्या दीडपट जड आहे. आपल्या माहितीसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही शेवटची. जड वायू पाण्यासारखा वागतो. वारा नसेल तर तो खड्ड्यात, घळीत, तळघरात, बर्फातल्या पोकळीत साचतो. उघड्यावर वारा त्याला क्षणात पातळ करतो. म्हणून हॉर्सशूच्या पायवाटेवर चालणाऱ्या माणसाला धोका नाही. दर उन्हाळ्यात असंख्य लोक तिथे चालतात, डबे खातात, पाण्यात डुंबतात. पण त्याच वाळलेल्या झाडांखालच्या खोलगट जागेत चादर पसरून दुपारची डुलकी काढणं, मुलांनी वाळूत खोल खड्डा खणून त्यात डोकं घालणं, कुत्र्याला बिळं हुंगू देणं, या गोष्टी तिथे करायच्या नाहीत. पाच फुटांवर नाक असलेल्या आईला ज्या जागी काहीच जाणवत नाही, तिथे खाली बसलेल्या पोराचं नाक वेगळीच हवा घेत असू शकतं.

हवेत हा वायू 3 टक्क्यांच्या आसपास गेला की श्वास जोरात चालतो, डोकं दुखू लागतं. 10 टक्क्यांच्या वर काही मिनिटांत शुद्ध हरपते. 30 टक्क्यांवर काही श्वासच पुरतात. श्वास घ्यावासा वाटणं हे मुळात रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असतं, त्यामुळे शरीर इशारा देतं खरं, पण प्रमाण फार असेल तर इशारा ऐकून पावलं उचलायला वेळच मिळत नाही.

हिवाळ्यात हे सगळं जास्त वाईट होतं, कारण बर्फ झाकणासारखं बसतं आणि वायू खाली कोंडला जातो. एप्रिल 2006 मध्ये मॅमथ पर्वतावरच्या स्की गस्ती पथकाचे लोक एका वाफेच्या छिद्राभोवतीचं, बर्फात बुडालेलं कुंपण वर काढत होते. पायाखालचा बर्फ ढासळला आणि दोघे सुमारे 20 फूट खाली पोकळीत पडले. त्यांना वाचवायला तिसरा उतरला. तिघेही गेले.

हे मी भावाला हळू आवाजात सांगत होते. आप्पांच्या कानावर गेलं आणि ते म्हणाले, "म्हणजे हे आपल्या विहिरीसारखंच झालं की."

आप्पांचं आयुष्य संगमनेर तालुक्यात शेती करण्यात गेलं. जुन्या, बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामागचं शास्त्र हेच आहे. विहिरीत कुजणारा पालापाचोळा आणि भोवतालची माती ऑक्सिजन खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तो तळाशी बसतो. बातम्याही दर उन्हाळ्यात त्याच असतात: एक जण उतरला, वर आला नाही म्हणून भाऊ उतरला, मग शेजारी. मॅमथ पर्वतावर बर्फाच्या खड्ड्यात जे घडलं, त्याचाच क्रम.

कंदिलाबद्दल मात्र एक सांगायला हवं. ज्योत विझली तर आत जाऊ नये, हे बरोबर. पण ज्योत जळते आहे म्हणून आत जाणं सुरक्षित आहे, असा उलटा अर्थ काढता येत नाही. मैला टाकी, गटार, गोबर गॅसचा खड्डा इथे तर ज्योत नेऊच नये. तिथे मिथेन पेट घेऊ शकतो आणि हायड्रोजन सल्फाइड इतक्या कमी प्रमाणात जीव घेतो की दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

"हे आपल्या सह्याद्रीत व्हायचं का? तोही ज्वालामुखीचाच ना?" हा आईचा प्रश्न. नाही. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्याखाली आता वायू सोडणारा शिलारस नाही. इथल्या परिसरात मात्र टाचा घासायला घेतो तसले हलके, सच्छिद्र दगड सापडतात. भाच्याने त्यातले दोन पाण्यात तरंगवून दाखवले आणि पुढची वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही.

ज्यांनी कॅमेरूनमधल्या नायोस तळ्याबद्दल वाचलं असेल, त्यांना इथे ते आठवेल. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री त्या तळ्याच्या तळाशी विरघळून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम उसळला आणि सुमारे 1,700 माणसं झोपेतच गेली. हॉर्सशूची जात वेगळी. नायोस 200 मीटरहून खोल, उष्ण प्रदेशातलं. त्याचे थर वर्षानुवर्षं ढवळले जात नाहीत. हॉर्सशू उथळ आहे, इथला वायू मुख्यतः काठच्या मातीतून निघून जातो.

खरं सांगायचं तर आईआप्पांच्या वयाच्या माणसांना इथे वायूपेक्षा उंचीचा त्रास होण्याची शक्यता कितीतरी जास्त. हे तळं सुमारे 2,740 मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे त्याहून किलोमीटरभर वर. इथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत पाव हिश्शाहून थोडा जास्त ऑक्सिजन कमी मिळतो. किनाऱ्यावरच्या शहरातून सकाळी निघून पाच-सहा तासांत गाडीने थेट वर आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, रात्री झोप न लागणं हे होऊ शकतं. आम्ही आदली रात्र गावातच काढली, ते गावही 2,400 मीटरवर. पहिल्या दिवशी फिरणं ठेवलं नाही. ज्यांना हृदयाचा, फुफ्फुसाचा आजार आहे, रक्त फार कमी आहे किंवा सिकलसेल आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. ऊनही फसवं असतं; गार वाऱ्यात जाणवत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. टोपी आणि पाणी विसरू नये.

चालताना एक साधी कसोटी वापरावी: बोलत बोलत चालता आलं पाहिजे. आप्पांना वाक्य पुरं करायला थांबावं लागलं की आम्हीही थांबायचो, म्हणजे तसे बरेचदा थांबलो. डोकं दुखायला लागलं तर उंचीमुळे की वायूमुळे, हा वाद घालत तिथेच बसू नये. आधी त्या खोलगट जागेतून वर, वाऱ्यात यायचं. तिथे बरं वाटलं नाही तर गाडीत बसून खाली उतरायचं.

फेरी पूर्ण व्हायला आम्हाला दोन तास वीस मिनिटं लागली. मुक्कामी परतल्यावर रात्री आठला आप्पांनी गावाकडे फोन लावला, तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. पाऊस लागला होता आणि विहिरीचं पाणी चढायच्या आत पुतण्या खालची मोटर वर काढणार होता. ही विहीर दोन वर्षं बंद होती. आप्पा म्हणाले, "एकटा उतरू नको. आधी बैलगाडीचा टप बांधायचा दोर आण आणि मोटर वरूनच ओढून बघ. नाही निघाली तर तसाच थांब, पंपवाल्याला बोलव. आणि कुणी आत पडलाच, तर दुसऱ्याला उतरू देऊ नको. ऐकतोयस ना?"